हरळी, दूर्वा आणि खुरपं



आजचं वाचन: पातंजल योगसूत्रं, कैवल्यपाद, तिसरं सूत्र, आणि त्यावरचं व्यासभाष्य.

सूत्र छोटं आहे आणि पहिल्यांदा वाचताना कोरडं वाटतं. पतंजली म्हणतात की आपण जे पुण्य करतो, जी साधना करतो, ती काही प्रकृतीला मागून ढकलत नाही. प्रकृती आपल्या वाटेनं जायला तयारच असते. साधना फक्त वाटेत आडवं आलेलं काढते. आणि उदाहरण कोणाचं दिलंय? शेतकऱ्याचं.

भाष्यकार व्यास या एका शब्दातून दोन चित्रं काढतात. पहिलं पाण्याचं. एका वाफ्यातलं पाणी दुसऱ्या वाफ्यात न्यायचं असेल तर शेतकरी ते ओंजळीनं ओढून नेत नाही. तो मधला बांध फोडतो, पाणी आपसूक जातं. आमच्या म्हसवडकडे याला ‘दारं धरणं’ म्हणतात. रात्री लाईट आली की बॅटरी आणि फावडं घेऊन दारं धरायला गेलेल्या कुणालाही हे सूत्र समजावून सांगावं लागणार नाही.

दुसरं चित्र आजच्या चिंतनाचं आहे. तोच शेतकरी, तोच वाफा. जमिनीतला रस भाताच्या मुळांत घालायची ताकद शेतकऱ्याकडे नाही. मग तो काय करतो? भातात उगवलेलं नको ते उपटून काढतो. ते निघालं की रस आपोआप भाताच्या मुळांकडे जातो. म्हणजे व्यासांनी साधनेला दिलेली उपमा सरळ सरळ भांगलणीची आहे. पुण्यामुंबईच्या मित्रांसाठी सांगतो, भांगलण म्हणजे खुरप्यानं तण काढणं.

इथपर्यंत अर्थ छान लागतो. भक्ती बाहेरून ओतायची नसते, ती आत आहेच, आपण फक्त तण काढायचं. असं लिहून मी इथंच थांबू शकलो असतो. पण भाष्यात व्यासांनी उपटायच्या तणांची नावं दिली आहेत, आणि त्या यादीतलं पहिलंच नाव वाचून मी अडकलो. ते आहे मूग.

मूग! ज्याचं वरण आपण आजारी माणसाला देतो, ज्याची खिचडी नैवेद्याला चालते, तो मूग इथं तण आहे. त्याच यादीत श्यामाक आहे, म्हणजे सावा, उपवासाच्या भगरीचा जातभाई. भाताच्या वाफ्यात हे दोघंही नकोसे आहेत. म्हणजे ‘तण’ हे कुठल्या वनस्पतीचं नाव नाहीच. कुठल्या पिकात, कोणाच्या वाटणीचं पाणी पिऊन ती उभी आहे, यावर तिचं तण असणं ठरतं.

हे किती खरं आहे याचा एक मजेशीर पुरावा आधुनिक विज्ञानात सापडतो. 1977 साली लेरॉय होम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगातल्या सर्वांत त्रासदायक तणांवर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. तणशास्त्रात त्याचा आजही दाखला देतात. त्यांच्या क्रमवारीत पहिला नंबर लव्हाळ्याचा आणि दुसरा हरळीचा. तिसऱ्या नंबरावर सावाच्याच कुळातलं, भातात येणारं एक गवत.

आता बघा. हरळी म्हणजेच दूर्वा. जगातलं दोन नंबरचं वाईट तण आपण चतुर्थीला निवडून, एकवीसची जुडी बांधून गणपतीच्या मस्तकावर ठेवतो. तीच हरळी इंग्रजीत बर्म्युडा ग्रास या नावानं क्रिकेटच्या मैदानांवर आणि बंगल्यांच्या लॉनवर मुद्दाम लावली जाते. आणि लव्हाळा? पुरात मोठी झाडं वाहून जातात आणि वाकणारा लव्हाळा टिकतो, हे दाखवून तुकोबांनी आपल्याला नम्रता शिकवली ती याच लव्हाळ्याकडून. आयुर्वेदात त्याच्या गाठी मुस्ता म्हणून औषधात जातात. एक देवाच्या डोक्यावर, दुसरा संतांच्या वाणीत, आणि शेतकऱ्याच्या खुरप्याखाली दोघंही.

यावरून काही जण लगेच निष्कर्ष काढतात की सगळं सापेक्ष आहे, चांगलं-वाईट असं काही नसतंच, जे उगवेल ते उगवू द्यावं. स्टेटसला ठेवायला हे वाक्य बरं आहे, पण माणदेशातल्या शेतकऱ्यासमोर ते म्हणून बघा. आमच्याकडे पाऊस वर्षाला ढोबळमानानं पाचशे मिलिमीटरच्या आत-बाहेर, आणि तोही लहरी. माणगंगा वर्षातला बराच काळ कोरडीच असते. अशा रानात बाजरीच्या ओळीत हरळी शिरली तर ती जे पाणी पिते ते बाजरीच्या तोंडचं असतं. घोटभरच पाणी आहे, ते दोघांना पुरत नाही. तिथं कोणाला तरी निवडावंच लागतं. हरळी पवित्र आहे म्हणून ती बाजरीत ठेवणारा शेतकरी भक्त ठरत नाही, त्याची पोरं उपाशी राहतात.

आपलं मनही असंच दुष्काळी रान आहे. दिवसाचे चोवीस तास, त्यात ऑफिस, प्रवास, घर. लक्ष नावाचं पाणी उरतं थोडंसं. वेब सिरीज वाईट नाही, शेअर मार्केट वाईट नाही, मित्रांचा ग्रुप तर नाहीच नाही. मुगासारखी चांगली चांगली पिकं आहेत ही. पण पहाटेच्या अर्ध्या तासाच्या वाफ्यात ती उगवली की त्या वाफ्यापुरती ती तण आहेत. त्यांना शिव्या द्यायची गरज नाही. उपटायचं, एवढंच. उपटण्यासाठी द्वेष लागत नाही, हे मला या सूत्रातलं सगळ्यात मोकळं करणारं वाटतं.

आता उपटायचं कसं?

चैत्र चालू आहे. या दिवसांत आमच्याकडे रानात पीक कमी आणि नांगरट जास्त दिसते. उन्हाळी नांगरटीचं एक मोठं कारण हरळी हेच आहे. हरळी वरून कापली तर काही होत नाही. तिच्या जमिनीतल्या काशा, म्हणजे गाठीगाठीच्या आडव्या मुळ्या, जिवंत राहतात आणि एका पेरातूनही नवीन गड्डा उभा राहतो. म्हणून खोल नांगरून काशा वर आणतात, चैत्र-वैशाखाच्या उन्हात सुकवतात आणि मग वेचून बांधावर टाकतात. लव्हाळ्याचंही तसंच. वरचं हिरवं पातं खुडलं तरी खाली दोऱ्यात ओवल्यासारख्या गाठी शिल्लक असतात, आणि पहिल्या पावसात तो पुन्हा हजर.

पतंजलींनी साधनपादाच्या चौथ्या सूत्रात क्लेशांच्या चार अवस्था सांगितल्या आहेत: झोपलेले, क्षीण झालेले, मधूनच दबलेले आणि पूर्ण फोफावलेले. मला हे एखाद्या जाणत्या शेतकऱ्यानं केलेलं तणांचं वर्गीकरण वाटतं. आपण बहुतेक वेळा फोफावलेलं तेवढं कापतो. राग आला, गिळला. इन्स्टाग्राम डिलीट केलं, आठ दिवसांनी परत टाकलं. पातं कापलं, गाठ खालीच. पुढं दहाव्या आणि अकराव्या सूत्रांत ते दोन वेगळे उपाय देतात. क्लेशांच्या वर आलेल्या वृत्ती ध्यानानं जातात, पण सूक्ष्म क्लेश उलट दिशेनं, जिथून आले त्या मुळापर्यंत जाऊनच संपतात. म्हणजे खुरप्याची जागा वेगळी आणि नांगराची वेगळी.

शेतातले आणि बागेतले आणखी दोन नियम साधकाच्या कामाचे आहेत. एक, तण ओल असताना उपटावं. कोरड्या ढेकळातून ओढलं तर पातं हातात येतं आणि मूळ आतच तुटतं. मनाचंही तसंच. भांडण चालू असताना स्वतःचा अहंकार उपटायला बसलात तर हाताला काही लागत नाही. कीर्तन ऐकून, नामस्मरण करून किंवा एकटंच थोडं रडून मन भिजलं की तेच मूळ अलगद सुटून येतं.

दुसरा नियम हिरवळ राखणाऱ्या कुठल्याही माळ्याला माहीत असतो. तणावरचा सर्वांत चांगला उपाय म्हणजे दाट हिरवळ. गवत फार खरडून कापू नये, एका वेळी त्याच्या उंचीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त काढू नये. मग ते दाटतं, जमिनीवर सावली धरतं आणि खाली पडलेल्या तणाच्या बियांना ऊनच मिळत नाही. उघडी जमीन मात्र आठ दिवसांत भरते, आणि आपण लावलं नाही त्यानंच भरते. ‘वाईट विचार येतात, काढून टाकले तरी परत येतात, काय करू?’ असं विचारणाऱ्या मित्रांना माझं उत्तर हेच आहे. काढणं थांबवू नका, पण रिकाम्या जागेत काहीतरी पेरा. साधनपादातली प्रतिपक्षभावना हीच आहे.

इथपर्यंतचं सगळं माझ्या स्वतःच्या मनाबद्दल होतं. अवघड भाग पुढं आहे.

‘तण काढणं’ ही उपमा फार गोड आहे, आणि म्हणूनच ती हातातून निसटून भलतीकडे जाते. ऑफिसात टीम लहान करायची वेळ आली की बोललं जातं, ‘डेडवूड काढायचंय.’ सोसायटीच्या ग्रुपवर गेटबाहेरच्या भाजीवाल्यांबद्दल कोणीतरी लिहितं की यांची एकदा साफसफाई करून टाका. सत्संगातसुद्धा ऐकलंय, अमका माणूस ग्रुपमधलं तण आहे, काढा त्याला. प्रत्येक वेळी बोलणारा स्वतःला शेतकरी समजतो आणि समोरचा माणूस गवत असतो. इतिहासात माणसांच्या समूहांना तण, कीड, घाण अशी नावं आधी मिळाली आणि त्यांना मारणं नंतर सोपं झालं. हे आपल्याला ठाऊक आहे.

मग प्रश्न असा: मुगाला तण म्हणता येतं तर माणसाला का म्हणू नये? तोही माझ्या वाटणीचं पाणी पितोच की.

मला याचं उत्तर गीतेच्या तेराव्या अध्यायाच्या सुरुवातीला सापडतं. तिथं भगवंत या शरीराला क्षेत्र म्हणतात, म्हणजे शेत, आणि त्याला जाणणाऱ्याला क्षेत्रज्ञ. आणि लगेच पुढं सांगतात की सगळ्या क्षेत्रांतला क्षेत्रज्ञ मीच आहे. ही दोन वाक्यं एकत्र ठेवून बघा. समोरचा माणूस माझ्या शेतात उगवलेलं रोप नाही. तो स्वतः एक अख्खं शेत आहे आणि त्या शेताचा जाणणाराही तिथं बसलेला आहे. मूग माझ्या वाफ्यात उगवतो, माणूस उगवत नाही. त्याला तण म्हणणं ही फक्त असभ्य भाषा नाही, हिशेबातलीच चूक आहे. मी ज्याला उपटायला निघालो तो क्षेत्रज्ञ आहे, आणि तो कोण हे भगवंतांनी आधीच सांगून ठेवलंय.

आमच्याकडे बांधावरून भांडणं होतात, कोर्टात जातात, पिढ्यानपिढ्या चालतात. पण एक गोष्ट भांडखोर शेतकऱ्यालाही मान्य असते: शेजाऱ्याच्या रानात तण कितीही माजलं तरी खुरपं घेऊन मी बांध ओलांडत नाही. खुरपं माझ्या बांधापर्यंत.

यावर कोणी म्हणेल, शेजाऱ्याचं तण माझ्या रानात येतं त्याचं काय? बरोबर आहे. गाजर गवत घ्या. बाहेरून आलेलं हे झुडूप 1950 च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा ठळकपणे नोंदलं गेलं आणि आज देशभर पसरलंय. एका झाडाला हजारो बिया येतात, वाऱ्यापाण्यानं त्या कुठंही जातात, आणि त्याच्या स्पर्शानं अनेकांच्या अंगाला खाज सुटते, परागानं दम्याचा त्रास होतो. इथं ‘माझा बांध, तुझा बांध’ म्हणून चालत नाही. फुलावर येण्याआधी सगळ्या गावानं मिळून ते उपटावं लागतं. तसंच काही वागणं असतं. त्रास देणारा बॉस, पैसे खाणारा पदाधिकारी, बायकोवर हात उचलणारा शेजारी. ते थांबवायलाच हवं, तक्रार करून, कायद्यानं, सगळ्यांनी मिळून. पण थांबवायची ती कृती. अर्जुनाला लढायला सांगितलं म्हणून कोणी गीता माझ्यासमोर धरेल, तर त्यानं हेही बघावं की त्याच उपदेशात समोरच्या प्रत्येक देहात तोच अविनाशी आत्मा आहे हे आधी सांगितलंय. भीष्मांना थांबवायचं होतं, आणि शेवटपर्यंत ते पितामहच राहिले.

आता एक व्यवहारातला प्रश्न, कारण आमच्या घरात तो सध्या चर्चेत आहे. अण्णा थकलेत. रानात डाळिंबाच्या ओळींमध्ये आणि घरामागच्या परड्यात गवत माजतं. फवारलं तर एका माणसाचं अर्ध्या दिवसाचं काम, भांगलणीला पाच-सहा बायका लागतात आणि त्या वेळेला मिळत नाहीत. अण्णा म्हणाले, “तू पुण्यात बसून खुरप्याचं कौतुक सांगू नको. इथं गुडघं माझं दुखत्यात.” त्यांचं म्हणणं मला खोडता येत नाही, आणि फवारणाऱ्या शेतकऱ्याला पापी ठरवणं हा बांध ओलांडण्याचाच प्रकार झाला.

तरीही दोन्ही बाजू मांडायला हव्यात. ग्लायफोसेटसारखं तणनाशक पानातून मुळापर्यंत जातं, म्हणून हरळीवरही चालतं. हे त्याचं बळ. दुसरीकडं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2015 मध्ये त्याला ‘बहुधा कर्ककारक’ गटात टाकलं, आणि 2022 मध्ये केंद्र सरकारनं अधिसूचना काढून ते फक्त कीड नियंत्रणाचं काम करणाऱ्या परवानाधारकांमार्फतच वापरावं असं बंधन घातलं. पण माझ्या मनात जास्त घोळते ती वेगळीच गोष्ट. भांगलणीच्या बायका संध्याकाळी घरी जाताना डोक्यावर गवताचा भारा नेतात. माझं तण म्हणजे तिच्या शेरडाचा चारा. त्यातला तांदुळजा, घोळ, पाथरी तिच्या तव्यावर जाते. 2012-13 आणि 2018-19 च्या दुष्काळात याच म्हसवडमध्ये जनावरांसाठी चारा छावण्या लागल्या होत्या. तेव्हा हिरव्या गवताची काडी बघायला मिळत नव्हती. फवारलेलं गवत मात्र कुणाच्या दावणीला घालावं असं राहत नाही, आणि तिची त्या दिवसाची हजेरीही जाते.

मग तिला भर उन्हात वाकून राबवणं हे पुण्य आहे का? तसंही नाही. भांगलणीचं कौतुक करायचं आणि मजुरी देताना हात आखडायचा, हा ढोंगीपणा होईल. खुरपं निवडायचं असेल तर पुरती मजुरी, सावलीत जेवण आणि भाऱ्यावर तिचा हक्क, हे सगळं त्या निवडीत आलं. आमच्यात सध्या एवढं ठरलंय की परड्यात फवारा नाही. रानाचं अजून ठरायचंय. भांगलणीचा खर्च मी पाठवतो म्हटलंय, अण्णा विचार करतायत. शेवटचा शब्द त्यांचा, कारण रान ते जाणतात.

संत सावता माळी आठवतात. अरणचे. पंढरपूर काही फार लांब नाही तिथून, पण त्यांनी मळ्यातच विठोबा पाहिला, हातात खुरपं असताना. मला पूर्वी वाटायचं की या कथेत काम हीच पूजा एवढाच अर्थ आहे. आता आणखी एक दिसतो. खुरपणारा माणूस खाली वाकलेला असतो, प्रत्येक रोपाच्या बोटभर जवळ. हे ठेवायचं, हे काढायचं, हे तो एकेका रोपाकडे बघून ठरवतो. त्याला घाई करता येत नाही, कारण खुरपं जरा चुकलं तर पिकाचंच मूळ तुटतं. मनाच्या शेतातही मला तीच रीत हवी आहे. एखादी सवय, एखादी इच्छा, एखादी जुनी आठवण उपटण्याआधी तिच्या एवढं जवळ जायचं की ती मूग आहे की हरळी, की कुणाच्या पूजेतली दूर्वा, हे नीट दिसेल.

आजचा अभ्यास: पहाटेच्या किंवा रात्रीच्या तुमच्या अर्ध्या तासाच्या वाफ्यात काय काय उगवतं ते आज फक्त बघा आणि वहीत लिहा. त्यातलं एकच निवडा, ओल असताना मुळासकट काढा, आणि त्या जागी लगेच नाम पेरा. आणि दिवसभरात कुणा माणसाबद्दल ‘याला काढलं पाहिजे’ असं मनात आलं, तर त्याचं नाव बाजूला ठेवून नक्की कोणती कृती थांबायला हवी ते एका वाक्यात लिहून बघा. वाक्य लिहिता आलं तर त्यावर काम करा. नाही आलं तर ते तण तुमच्याच वाफ्यातलं आहे.

सिद्धनाथाच्या नावानं चांगभलं. राम कृष्ण हरी.